कोनाड्यातला दिवा

सदर : घर आणि उद्योग

गेल्या महिन्यात गडबहून एका भगिनीचे पत्र आले. गडब म्हणजे पेण तालुक्यातले, मुंबई–गोवा महामार्गावरचे गाव; वडखळ आणि डोलवी मागे टाकले की लागते. यजमानांचे किराणा दुकान आहे. घरात सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले. पत्राचा सारांश असा :

"दुकानाचा धंदा पूर्वीसारखा राहिला नाही. म्हणून दोन वर्षांपासून मी घरी खाखरे, पापड, मिरगुंडे, मसाले, लोणची, दिवाळीचा फराळ असे मिळून चौदा जिन्नस करते. चवीची तारीफ सगळे करतात; पण महिनाअखेरीस हिशेब मांडला की हाती काही उरत नाही. आमच्याच दुकानात माझ्या पुडीशेजारी कंपनीची पुडी लटकते, ती स्वस्तही असते आणि चकचकीतही. यजमानांचे म्हणणे असे की कर्ज काढून खाखऱ्याचे यंत्र घ्यावे, माल वाढवावा आणि हमरस्त्यावर मोठा फलक लावावा. त्यासाठी सासूबाईंच्या बांगड्या गहाण ठेवण्याची गोष्ट निघाली आहे. ताई, जाहिरात कशी करावी तेवढे सांगा."

त्या भगिनींची अनुमती घेऊन, नाव न देता, उत्तर येथेच देत आहे. कारण हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत दुपारच्या वेळी तव्यावर खाखरा भाजला जातो आणि संध्याकाळी हिशेबाच्या वहीपाशी येऊन तोच प्रश्न उभा राहतो.

पहिले उत्तर स्पष्ट देते. बांगड्या सासूबाईंच्या हातातच राहू द्या. यंत्र आता नको आणि हमरस्त्यावरचा फलक तर नकोच. याची कारणे सविस्तर सांगते.

रस्त्यावरून जाणारे आणि दाराशी येणारे

मुंबईकडून येणाऱ्या सहलीच्या गाड्यांपैकी अलिबागच्या गाड्या वडखळलाच वळतात. त्या गडबपर्यंत येतच नाहीत. गडबवरून पुढे जातो तो कोकणात किंवा गोव्याला निघालेला प्रवासी. त्याला अजून शेकडो किलोमीटर जायचे असते. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात धूळ आणि खड्डे रस्त्याकाठच्या सर्वांनीच सोसले. आता जिथे रस्ता मोकळा झाला आहे तिथे गाडी थांबण्याऐवजी वेग घेते.

समजा, त्यातलाही कोणी थांबला, त्याने एक पुडी घेतली आणि ती त्याला आवडली. पुढची पुडी घ्यायला तो बोरिवलीहून गडबला येणार आहे का? खाखरा हा रोजच्या न्याहारीचा पदार्थ आहे. त्याला दर महिन्याला परत येणारे गिऱ्हाईक लागते. एकदाच भेटणाऱ्या माणसासाठी फलक लावणे म्हणजे वाहत्या पाण्यात घागर न बुडवता नुसता हात घालण्यासारखे आहे. हात भिजतो, घागर रितीच राहते.

दुसरी अडचण चौदा जिन्नसांची. चौदा पदार्थांना चौदा प्रकारचे सामान लागते, चौदा प्रकारच्या पुड्या लागतात आणि प्रत्येकातले थोडेथोडे उरते व वाया जाते. मुख्य म्हणजे, "गडबच्या वहिनी काय करतात?" असे कोणी विचारले तर सांगणाऱ्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. ज्याचे नाव एका शब्दात सांगता येत नाही त्याची शिफारस कोणी करीत नाही.

कोनाडा म्हणजे काय

व्यवसायाच्या पुस्तकांत 'निश मार्केटिंग' असा एक शब्दप्रयोग असतो. त्याचे अवडंबर वाटू देऊ नका. 'निश' हा फ्रेंचमधून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा, असा आहे. आपल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींत कोनाडे असत. अंगणात ठेवलेला दिवा वाऱ्याने विझतो. कोनाड्यातला तेवत राहतो. त्याचा उजेड थोड्याच जागेवर पडतो, पण ज्याला त्या जागेत काम आहे त्याला तो पुरतो. मोठ्या बाजारात सर्वांना सर्व काही विकण्याऐवजी एका लहानशा, नेमक्या गरजेच्या माणसांना नेमकी वस्तू देणे, एवढाच या शब्दाचा अर्थ आहे.

हे नवे शास्त्र नाही. तुमच्या तालुक्याने ते फार पूर्वीपासून पाळले आहे. गणेशमूर्ती महाराष्ट्रात गावोगाव होतात. तरीही पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांच्या मूर्ती दूरदूर जातात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर उत्सवाच्या कित्येक महिने आधी रवाना होतात. यातली पुष्कळशी कामे घराच्या पडवीत आणि अंगणातल्या मांडवात होतात. पेणच्या मूर्तीची ख्याती आहे ती डोळ्यांच्या आखणीसाठी. माती आणि रंग इतरांकडेही असतात. आखणीचा हात पेणने आपला करून घेतला.

शेजारच्या अलिबागचे उदाहरण पाहा. आपल्या स्वयंपाकघरात कांद्याला जागा नाही. पण व्यवहाराचा धडा घ्यायला हरकत नसावी. अलिबागचा पांढरा कांदा भातानंतरच्या हंगामात होतो, चवीला गोडसर असतो आणि वेणीसारखा विणून माळांनी विकला जातो. त्याने बाजारातल्या लाल कांद्याशी दराची स्पर्धा केली नाही. आपले वेगळेपण जपले आणि आज त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडे हीदेखील अशीच नावाने मागितली जाणारी वस्तू.

गच्चीवरचे पापड

घरातून निघालेल्या उद्योगाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे, पण त्यातले बारकावे बहुधा विसरले जातात. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. ८० रुपये उसने घेतलेले होते आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पुढे हाच उद्योग 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' या नावाने देशभर पोचला. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

यातल्या तीन गोष्टी गडबच्या भगिनींनी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली गोष्ट प्रतीची. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत असत. एक चांगली प्रत आणि एक कमी दराची हलकी प्रत. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सर्व जण छगनबाप्पा म्हणत, यांनी सांगितले की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. कंपनीच्या स्वस्त पुडीकडे पाहून ज्यांना दर उतरवण्याचा मोह होतो त्यांनी हा सल्ला भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरी गोष्ट पावसाची. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम थांबले, कारण पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह. अडचण सुटली. कर्ज काढून वाळवण्याचे यंत्र आणले नाही. आधी अडचण नेमकी ओळखली आणि मग तेवढ्यापुरते साधन घेतले.

तिसरी गोष्ट जिन्नसांची. पहिल्या वर्षीची त्यांची एकूण विक्री ६,१९६ रुपये होती. पदार्थ एकच, पापड. खाखऱ्याला त्यांनी हात घातला तो १९७४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. आपण दोन वर्षांत चौदा जिन्नसांवर गेलो.

आपला कोनाडा कोणता

आता मूळ प्रश्नाकडे येते. गडबमध्ये, घरच्या तव्यावर, एका गृहिणीला असे काय करता येईल जे मोठ्या कारखान्याला करता येत नाही? चव हे उत्तर नाही. चव कारखानेही आणतात. दर हे तर नाहीच. माझ्या मते उत्तर आपल्या स्वयंपाकघराच्या मर्यादेत आहे. ज्या मर्यादांना बाहेरचे लोक अडचण समजतात, त्याच आपला कोनाडा आहेत.

काळमर्यादेचेच पाहा. श्वेतांबर परंपरेतल्या अनेक घरांत मिठाई, खाखरे यांसारख्या पदार्थांचा काळ पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २० दिवस आणि हिवाळ्यात ३० दिवस धरतात. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस मानली जाते. कारखान्याची पुडी मात्र काही महिने टिकावी अशीच बांधलेली असते. ती गोदामातून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानात आणि दुकानातून घरात येईपर्यंत आपला पंधरवडा सरून गेलेला असतो. काळ पाळणाऱ्या घराला ती पुडी कितीही स्वस्त मिळाली तरी उपयोगाची नाही. त्या घराला हवा आहे गेल्या दोन-चार दिवसांत भाजलेला खाखरा आणि त्यावर भाजल्याची खरी तारीख. हे काम कारखाना करू शकत नाही. गडबचा तवा करू शकतो.

जिन्नसांचेही तसेच. पुडीवर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असला म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे एवढेच कळते. लसूण, कांदा, बटाटा किंवा मध असलेल्या पदार्थावरही तोच ठिपका असतो. 'मसाले' या एका शब्दाखाली काय काय आहे ते गिऱ्हाइकाला कळत नाही. ओले आले वर्ज्य पण सुंठ चालते, ओली हळद वर्ज्य पण वाळलेली हळद चालते, हा भेद बाहेरच्या कामगाराला समजावून सांगावा लागतो. तो तुमच्या सासूबाईंच्या हातात उपजत आहे. विमान कंपन्यांनीसुद्धा आपल्या भोजनासाठी वेगळा सांकेतिक शब्द ठेवला आहे आणि मुंबईच्या गाड्यांवर कच्च्या केळ्याची 'जैन पावभाजी' मिळते. म्हणजे मागणी आहे, हे जगाला कळले आहे. मात्र गाडीवर लिहिलेल्या त्या शब्दाची हमी कोण देतो, हा प्रश्न उरतोच. ती हमी देणारा हात तुमचा असू शकतो.

आणि तिथींचे पंचांग. चैत्र आणि आश्विन महिन्यांत सुद सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपदाची ओळी येते. त्या नऊ दिवसांत आयंबिल करणाऱ्याला तेल-तूप, दूध-दही, साखर-गूळ नसलेला सादा खाखरा लागतो. पर्युषणात पुष्कळ घरांत लिलोतरी बंद असते, तेव्हा कडधान्ये आणि कोरडे पदार्थ यांवर ताट उभे राहते. उलट काही घरांत आषाढी चौमासीनंतर पापड वर्ज्य होतात. त्या घरी श्रावणात पापडाची पुडी पाठवणे म्हणजे आपले अज्ञान पाठवणे. बाजाराचा अभ्यास म्हणतात तो हाच. तुम्ही तो लहानपणापासून केलेला आहे, फक्त त्याला धंद्याच्या वहीत स्थान दिलेले नाही.

किती घरे पुरतील

"एवढ्या थोड्या लोकांवर धंदा चालेल का?" असा प्रश्न मनात येईल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जैनांची संख्या सुमारे १४ लाख होती. राज्याच्या लोकसंख्येत हा आकडा लहान आहे. पण तुमच्या तव्याच्या मानाने तो समुद्र आहे.

साधा हिशेब करू. समजा, दोन तवे ठेवून घरचे सगळे आवरून सकाळच्या तीन-चार तासांत तुम्ही आणि सासूबाई मिळून दोन किलो खाखरे करता. महिन्यातले पंचवीस दिवस काम केले तर पन्नास किलो झाले. एका घराला महिन्याला एक किलो लागतो असे धरले तर तुम्हाला पन्नास घरे हवीत. पन्नासच. एक्कावन्नाव्या घरासाठी तुमच्याकडे खाखरा नाही! मग हमरस्त्यावर हजारोंना हाक मारून काय करणार?

ही पन्नास घरे पेण, नागोठणे, रोहा, अलिबाग, पनवेल या बाजारपेठांत आहेत. डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे बाहेरगावांहून आलेली कुटुंबेही तुमच्या जवळच राहतात. यजमान दुकानाचा माल आणायला पेणला किंवा पनवेलला जातच असतील. जाताना गाडी रिकामी असते. तिच्यात खाखऱ्यांचे डबे जाऊ द्या. वाहतुकीचा वेगळा खर्च नाही आणि दुकानही या उद्योगाचा भागीदार होते. यजमानांच्या मनातला 'आपला धंदा बसला' हा सल त्याने थोडा हलका होईल, हा लाभ वहीत लिहिता येत नसला तरी लहान नाही.

आपले पन्नास पूर्ण व्हायला वेळ लागला तर शेजारी पाहा. मराठी घरांत आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करतात आणि त्यानंतर चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरे गावोगाव आहेत. वैष्णव आणि स्वामीनारायण पंथाची घरेही आहेत. त्यांचे नियम आपल्यासारखेच आहेत असे नाही. पण बिनकांदा-लसणाच्या खात्रीच्या पदार्थाची गरज त्यांनाही आहे.

माझी चूक

येथवर मर्यादेला कोनाडा म्हटले. आता त्याची दुसरी बाजू सांगते आणि ती स्वतःच्या अनुभवातून सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी मीही घरी मसाला-खाखरे करीत असे. तीसेक घरे होती. पर्युषणाच्या आधीच्या आठवड्यात मागणी एकदम वाढली. घरचा खलबत्ता पुरेना म्हणून मी मसाला बाहेरच्या डंकावर कुटून आणला. गर्दी होती. माझ्या आधी तिथे काय कुटले गेले, हे मी विचारले नाही. विचारायचे सुचले नाही असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे तर सुचले होते, पण वेळ नव्हता.

दोन दिवसांनी एक वृद्ध श्राविका डबा घेऊन दारात आल्या. रागावल्या नाहीत. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बेटा, वास घेऊन पाहा." लसणाचा वास होता. अगदी पुसट, पण होता. त्यांनी त्यातला अर्धा खाखरा खाल्ला होता. आयुष्यात लसूण न शिवलेल्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून तो खाल्ला होता. पैसे त्यांनी मागितले नाहीत. मी दिले तेव्हाही घेतले नाहीत. महाराजसाहेबांकडे जाऊन प्रायश्चित्त मात्र घेतले, चुकीचे नव्हे, माझ्या चुकीचे. मी त्या दिवशी तीसही घरी स्वतः जाऊन काय झाले ते सांगितले आणि डबे परत आणले. बरीच घरे त्यानंतर माझ्याकडे आली नाहीत. संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हणताना त्या वर्षी तो शब्द मला प्रथमच जड वाटला.

डंकवाल्याचा दोष काही नव्हता. त्याने सर्वांचेच मसाले कुटायचे असतात. 'जैन' हा शब्द माझ्या पुडीवर होता. त्याच्या डंकावर नव्हता.

कंपनीची पुडी बिघडली तर गिऱ्हाईक पुडी बदलते. तुमची पुडी बिघडली तर कोणाचा तरी नियम मोडतो. म्हणूनच या कोनाड्याला चांगला दर मिळतो आणि म्हणूनच त्यात उभे राहणे सोपे नाही. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापाचा व्यवहार आणि 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे एक वस्तू दाखवून तिच्या नावाखाली दुसरी किंवा भेसळीची देणे, हे दोन्ही सांगितलेले आहेत. चोरीच्या व्रताखाली हे का घातले असेल, ते मला त्या डब्याने शिकवले.

पुडीवर काय लिहावे

'शुद्ध जैन', 'शंभर टक्के सात्त्विक' असे मोघम शब्द लिहू नका. श्वेतांबर आणि दिगंबर, देरावासी आणि स्थानकवासी, एवढेच काय, एकाच इमारतीतल्या दोन घरांचे नियम सारखे नसतात. तुम्ही प्रत्यक्ष काय पाळता तेवढेच लिहा : कंदमूळ नाही, पाणी गाळलेले, पीठ अमुक दिवशी दळलेले, मसाला घरी कुटलेला, सूर्यास्तानंतर काम नाही, भाजल्याची तारीख अमुक. यातले जे पाळत नसाल ते गाळा. चार खऱ्या ओळी एका मोठ्या शब्दापेक्षा अधिक विकतात, कारण वाचणारी गृहिणी त्या ओळी आपल्या घराच्या नियमाशी ताडून पाहू शकते. जयणा ही आपण धर्म म्हणून पाळतो; ती जशी आहे तशी लिहिली की वेगळी जाहिरात लागत नाही.

याबरोबर कायद्याचेही पाळा. अन्नपदार्थ विकणाऱ्या लहान गृहोद्योगालाही अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक, जिन्नसांची यादी, निव्वळ वजन आणि तारखा पुडीवर असाव्यात. हे काम अवघड नाही आणि टाळण्यासारखे तर मुळीच नाही.

दर ठरवताना पीठ, तेल, मसाला, गॅस, पुडी, तुटफूट आणि शेवटी आपली व सासूबाईंची मजुरी, एवढे सर्व मांडा. बहुतेक भगिनी शेवटचा आकडा लिहीतच नाहीत आणि मग "हाती काही उरत नाही" असे म्हणतात. जे लिहिलेच नाही ते उरणार कसे? तुटलेल्या खाखऱ्यांचा चिवडा करून तो चिवडा म्हणूनच विका. चांगल्या डब्याच्या तळाशी लपवू नका.

आणि जाहिरात? पहिल्या महिन्यात ओळखीच्या दहा घरी पाव-पाव किलो नमुना द्या आणि तीन गोष्टी विचारा : तुमच्या घरी काळ कसा धरतात, कोणत्या तिथींना काय वर्ज्य असते, महिन्याला किती लागतो. उत्तरे वहीत घराच्या नावापुढे लिहा. तुमची सर्वांत मौल्यवान मालमत्ता ही वहीच. व्हॉट्सॲपवर रोज फुले आणि सुविचार पाठवू नका. आठवड्यातून एकदाच, "बुधवारी भाजणार, गुरुवारी पोचवणार, मंगळवारपर्यंत सांगा" एवढा निरोप पाठवा. महिला मंडळात सांगा. पण उपाश्रयात धर्माच्या नावाने कोणाला भीड घालू नका. भिडेने घेतलेला पहिला डबा हा बहुधा शेवटचा डबा असतो.

किती, हे आधी ठरवा

भगवान महावीरांच्या आनंद श्रावकाची कथा आपण पर्युषणात ऐकतो. तो मोठा धनवान होता आणि व्रत घेताना त्याने आपल्या संपत्तीची, शेतीची, वाहनांची मर्यादा मोजून बांधली. व्यापार सोडला नाही. त्याला कुंपण घातले. गृहोद्योगाला याहून योग्य गुरू मला दिसत नाही. पन्नास घरे ठरवली तर एक्कावन्नाव्या घराला नम्रपणे "पुढच्या महिन्यात" म्हणता आले पाहिजे. माझी चूक त्याच क्षणी घडली, जेव्हा मला ते म्हणता आले नाही.

मग यंत्र कधी घ्यायचे? सलग सहा महिने पन्नास घरे टिकली, त्यांना प्रत्येक वेळी ठरल्या दिवशी ताजा माल मिळाला आणि वहीत वाट पाहणाऱ्या घरांची नावे साठली, म्हणजे यंत्राचा विचार करा. आणि तोही साठलेल्या शिलकीतून. त्या दिवशी यंत्र तुमच्या मागणीसाठी येईल. आज आणले तर यंत्राचा हप्ता भरण्यासाठी तुम्हाला मागणी शोधत फिरावे लागेल, आणि अशा वेळी माणूस डंकावर आधी काय कुटले हे विचारत नाही.

तेव्हा भगिनी, चौदांतले बारा जिन्नस तूर्त थांबवा. सादा खाखरा आणि एक मसाला-खाखरा, हे दोनच ठेवा. मसाला सासूबाईंच्या देखरेखीखाली घरीच कुटा. दुकानात कंपनीच्या पुडीशेजारी आपली पुडी लटकवू नका. तिचे गिऱ्हाईक वेगळे, तुमचे वेगळे. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांच्या मनात उद्योग वाढवण्याची जी उमेद आहे ती चांगली आहे. तिला फक्त सहा महिने धीर धरायला सांगा.

पुढच्या ओळीच्या आधी पहिली दहा घरे झाली तर मला जरूर कळवा. आणि वहीत अकरावे नाव माझे लिहा. सादा खाखरा, महिन्याला एक किलो, भाजल्याची तारीख घालून.